सातची रीत

बाळांनो, मोबाईल उलटे करून ठेवा आणि डोळे मिटा. वेदांग, तूसुद्धा. तुझ्या त्या बंदुकांच्या खेळात कोणता खेळाडू किती जणांना टिपणार, याचा आकडा एक यंत्र आधीच काढून देतं आणि मोठी मुलं त्याच्या वर की खाली अशा पैजा लावतात, हे तू मगाशी फार रंगून सांगितलंस. त्याच्याबद्दलच बोलायचंय. पण आधी डोळे मीट.

असं समजा, की भात कापून झालेलं एक शेत आहे. ढेकळं फोडली आहेत, पाणी मारलंय, वर रूळ फिरवलाय. माती पायाला थंड लागते. तुम्ही मध्यरेषेवर उभे आहात. समोर सात जण हातात हात घालून उभे आहेत. तुम्ही वाकून रेषेला हात लावता, हात कपाळाला नेता आणि 'कबड्डी, कबड्डी' म्हणत आत शिरता. श्वास तुटला की खेळ संपला. मैदानाच्या कडेला हजारभर माणसं ओरडत आहेत आणि त्यांच्यात तुमची धाकटी बहीण बसली आहे. ती ओरडत नाही. तिच्या मांडीवर नारळाची करवंटी आहे आणि करवंटीत चिंचोके आहेत.

दिसलं? आता डोळे उघडलेत तरी चालेल.

रेषेवर जो उभा होता त्याचं नाव हर्षद म्हात्रे. बहिणीचं नाव चैताली. मी तेव्हा खाडीकाठच्या खारमाळच्या शाळेत गुरुजी होतो. आवाज दणदणीत, म्हणून कबड्डीचे सामने असले की गाववाले मला माईकसमोर बसवायचे. समालोचकाची जागा म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यावर एक टेबल, एक खुर्ची आणि चारी कोपऱ्यांना बांधलेले कर्णे.

त्या दिवशी सकाळी मी ट्रॉलीवर बसून तारा तपासत होतो. खाली, ट्रॉलीच्या सावलीत, चैताली बसली होती. सहावीतली पोर. डोळे मिटून करवंटीतून एक चिंचोका काढायचा, बघायचा, परत टाकायचा, करवंटी हलवायची, पुन्हा काढायचा. असं अठरा वेळा झालं, म्हणजे एका सामन्यातल्या चढाया संपल्या, की जितके गुण झाले त्या आकड्यावर मातीत एक रेघ मारायची.

सरासरी मीच शिकवली होती तिला. पण हे करवंटीचं तंत्र तिचं स्वतःचं. प्रत्येक चढाईपटूची एक करवंटी. तो गुण घेऊन परत आला, की एक फोडलेला चिंचोका, पांढरी बाजू दिसणारा. रिकाम्या हाताने आला, की अख्खा, तपकिरी. पकडला गेला, की लाल रंगात बुडवलेला. लाल हाताला लागला की पुढच्या दोन खेपा सोडून द्यायच्या, कारण पकडलेला गडी तेवढा वेळ बाहेर बसतो. सामने ती मामाच्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघायची आणि करवंट्या भरायची. मग एक सामना करवंटीतच खेळायचा. मग दुसरा. मग तिसरा. मातीतल्या रेघांचा ढीग जिथे सगळ्यात उंच होईल, तो त्या गड्याचा आकडा.

"हा आकडा खरा होईलच असं नाही हं," मी तिला सांगायचो. "हा फक्त अंदाज. ढिगाच्या दोन्ही बाजूंनाही रेघा आहेत की नाही?"

"आहेत, गुरुजी. पण थोड्या."

"थोड्या म्हणजे नाहीत असं नव्हे."

आणि माझ्या वर्गाचा एक नियम होता, तो तुम्हालाही माहीत आहे. गणिताच्या उत्तराला एक गुण, रीतीला चार. फळ्यापाशी येऊन नुसतं उत्तर सांगणाऱ्याला मी परत जागेवर पाठवायचो.

तर त्या सकाळी तिचा मामा आला. मोरेश्वर ठाकूर, सगळ्यांचा मोरूमामा. पांढरा शर्ट, खिशाला स्पर्धा समितीचा लाल बिल्ला. मुलांचा बाप टगबोटीवर, वर्षातून दोनदा घरी. या दोघांना मामानेच वाढवलं म्हणायला हरकत नाही. हर्षदला पहिल्यांदा मैदानावर आणलं ते त्यानेच, खांद्यावर बसवून.

"काय गो बाय, झाला का दादूसचा आकडा?"

"थांब ना रे मामा. मोजणं मोडलंस."

"मोबाईलवर साडेनऊ फुटलाय."

मैदानाबाहेर पैजा लागायच्या, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? कोण जिंकणार यावर पूर्वीपासून लागायच्या. पण मोबाईल आल्यापासून नवीन निघालं होतं: एकेका गड्याचा आकडा ठरवायचा आणि तो त्याच्या वर जाईल की खाली राहील यावर लावायचं. वर अर्धा का, तर अर्धा गुण कुणी मारत नाही. मध्ये कुणी उरत नाही. वर, नाहीतर खाली.

चैतालीने शेवटची रेघ मारली. "सात येतायत."

"सात? हर्षदचे?" मामा खाली बसला. "अगो, गेल्या सामन्यात बारा मारले त्याने. वेडी झालीस का?"

"करवंटीत आहे ते आलं."

मामाने करवंटी उचलून आत बघितलं. "पांढरे कमी दिसतात. आणि लाल एवढे कुठून आले?"

"मी घातले."

"का गो?"

तिने इकडेतिकडे बघितलं. मी वर 'हॅलो, हॅलो' करत होतो. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं, पण मला खालचं ऐकू येत होतं.

"कुणाला सांगायचं नाय हां मामा. दादूसने शपथ घातलीय."

"मी काय कुणी परका हाय?"

"त्याचा गुडघा दुखतोय. ओटा उतरताना बघ, आधी डावा पाय टाकतो. मी रोज तेल चोळते. ती त्याची उडी आहे ना, कोपऱ्यावरून मारून परत फिरतो ती? ती आता नाय जमत त्याला. उडायला जातो आणि थांबतो. म्हणून पांढरे काढले."

"कुठला गुडघा?"

"उजवा."

मामाने करवंटी अलगद तिच्या मांडीवर ठेवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाय सांगणार हो, बाय," तो म्हणाला. "कुणाला नाय सांगणार."

मग तो मोबाईल कानाला लावून शेताच्या बांधाकडे गेला.

आता त्या दिवशी हर्षदचं काय पणाला लागलं होतं, ते ऐका. तो एका कारखान्यात ठेकेदाराकडे पोती उचलायचा. एका मोठ्या कंपनीचा कबड्डी संघ होता. त्या संघात घेतलं तर कायमची नोकरी. कंपनीचे कर्णिकसाहेब पहिल्या रांगेत टोपी घालून बसले होते. त्यांनी हर्षदला सांगितलं होतं, "उपांत्य सामन्यात मला तुझा खेळ दिसू दे. दिसला, तर सोमवारी तुझं पत्र निघेल."

सामन्याआधी हर्षद ट्रॉलीपाशी आला, वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, एक सांगायचं होतं."

"बोल की रे."

"गुण मारला की माझं नाव जरा मोठ्याने घ्या. साहेबांना जरा कमी ऐकू येतं म्हणतात."

मी हसलो. "पाय कसा आहे?"

त्याने झटकन वर बघितलं. "कसला पाय?" म्हणाला, आणि दोन्ही पायांवर उड्या मारून दाखवल्या. दुसरी उडी जरा लवकरच संपली.

समोर बेलपाड्याचा संघ होता. त्यांचा डावा कोपरा सांभाळायचा दिगंबर घरत. बुटका, रुंद, घोटापकडीत पक्का. चढाई करणाऱ्याच्या उजव्या अंगाला हाच उभा असायचा.

शिट्टी झाली. आणि पोरांनो, काय खेळला हर्षद! पहिल्याच चढाईत बोनस. दुसरी रिकामी. तिसऱ्या चढाईत दिगंबरच्याच कोपऱ्यात हात मारून परत. उडी त्याने मारलीच नाही. उडी मारणार असं दाखवायचा, कोपरा मागे सरकायचा, आणि हा लांब हात करून मधल्याला शिवून यायचा. दुखरा पाय लपवता लपवता त्याने नवाच खेळ काढला होता. मी घसा फोडून नाव घेत होतो. "हर्षद म्हात्रेऽऽ! खारमाळचा हर्षद म्हात्रे!" कर्णिकसाहेब टोपी मागे सारून पुढे वाकले होते.

खाली चैताली उभी राहिली होती. दर गुणाला ती सकाळी काढून ठेवलेला एक पांढरा चिंचोका फ्रॉकच्या खिशातून काढून करवंटीत परत टाकत होती.

मध्यंतराला हर्षदचे सहा गुण झाले होते.

"गुरुजी!" ती चाकावर पाय देऊन वर डोकावली. "गुरुजी, माझा आकडा चुकणार!"

"चुकू दे की."

"चुकणार! चुकणार!" पोर नाचत होती. उत्तर चुकलं म्हणून इतकं आनंदाने नाचताना मी दुसरं कुठलंही मूल बघितलेलं नाही.

आमच्या त्या भागात एक रीत होती. मध्यंतरात पाहुण्या संघाला सरबत द्यायचं ते यजमान गावच्या मानाच्या माणसाने, स्वतःच्या हाताने. पोरासोराच्या हाती पाठवलं तर पाहुण्यांचा अपमान. त्या दिवशी कोकमाचं सरबत घेऊन मोरूमामा निघाला. वास्तविक मान सरपंचांचा होता. मामाने त्यांच्या हातातून परात मागून घेतली.

मी माईकवरून म्हणालो, "पाहा मंडळी! भाचा पलीकडे खेळतोय आणि मामा पाहुण्यांची सेवा करतोय! याला म्हणतात खिलाडूवृत्ती! होऊन जाऊ द्या टाळ्या, मोरेश्वरभाऊंसाठी!"

टाळ्या झाल्या. मामाने परात हातात धरूनच लोकांना मान लववली. एकेकाला पेला दिला. शेवटचा दिगंबरला. त्याच्याजवळ तो उकिडवा बसला, काहीतरी बोलला, आणि मग माणूस उठताना टेकवतो तसा आपल्या उजव्या गुडघ्यावर तळवा टेकवून उठला. तळवा तिथे जरा जास्त वेळ राहिला. दिगंबर सरबत पीत पीत त्या हाताकडे बघत होता. मी वरून सगळं बघत होतो, आणि चाकावर उभी राहून चैतालीही. बघणं माझं कामच होतं. काय बघितलं ते मात्र मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

दुसरा डाव सुरू झाला. हर्षदच्या पहिल्या चढाईत सातवा गुण. मैदान उठून उभं राहिलं.

पुढच्या चढाईत तो आत शिरला. निदानरेषा ओलांडली. उडी मारणार असं दाखवलं. आता कोपरा मागे सरकायला हवा होता. दिगंबर सरकला नाही. तो खाली बसला आणि सरळ आत घुसला. घोट्याला त्याने हातच लावला नाही. दोन्ही हातांनी उजवा गुडघा मागून कवटाळला, खांदा पुढून लावला. दोघे आडवे झाले. हर्षदचा श्वास तुटला होता. त्याने तळहाताने माती थापटली. सोड, पकडला गेलो, याची ती खूण. पंचांनी शिट्टी मारली. शिट्टीनंतर दिगंबरने गुडघा सोडला नाही. ओलं फडकं पिळतात तसा आणखी एक पीळ दिला, आणि मग सोडला.

आवाज मला ऐकू आला. कर्ण्यांतूनही आला असेल.

पंचांनी दिगंबरला ताकीद दिली. ताकीद म्हणजे काय, तर एक रंगीत कार्ड दाखवायचं आणि पुढे खेळायचं. खेळ पुढे झाला. गुणफलकावर हर्षदच्या नावापुढे खडूने लिहिलेला सात तसाच राहिला. खारमाळ हरलं.

कर्णिकसाहेब ट्रॉलीपाशी आले. मला वाटलं, हर्षदची चौकशी करायला आले.

"गुरुजी, त्या डाव्या कोपऱ्याचं नाव काय?"

"दिगंबर घरत."

"वय काय असेल हो?"

"साहेब," मी म्हणालो, "हर्षदचं काय?"

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला. "सात गुण छानच मारले पोराने. पण गुडघा गेलेला गडी घेऊन मी काय करू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं." मग टोपी परत घालत म्हणाले, "घरत. घरत ना? पकड चांगली आहे त्याची."

हर्षदला उचलून टेम्पोत ठेवत होते. पाय कुणीतरी फळीला बांधला होता. चैताली गर्दीतून वाट काढत टेम्पोपर्यंत पोचली. मीही उतरून मागोमाग गेलो होतो.

"दादूस," ती म्हणाली. "दादूस, खूप दुखतंय?"

हर्षदने मान वळवली. चेहरा मातीने भरलेला.

"त्याने घोटा सोडून गुडघा का धरला, चैतू?"

तिने फाळक्यावर हात ठेवला.

"आजपर्यंत एकदा तरी धरलाय का त्याने गुडघा? एकदा तरी?"

"नाय."

"तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आयेलासुद्धा नव्हतं. कुणाला सांगितलंस?"

तिने मान फिरवून गर्दीत कुणालातरी शोधलं, आणि हर्षदने तिची ती नजर पकडली. मग त्याने तोंड दुसऱ्या बाजूला केलं. टेम्पो निघाला तरी त्याने परत तिच्याकडे बघितलं नाही. टेम्पोच्या फाळक्यावर तिचा हात होता. तो चालत्या गाडीबरोबर थोडा पुढे गेला आणि सुटला.

मी तिला म्हणालो, "चल, घरी सोडतो तुला."

"नको," ती म्हणाली. "माझी करवंटी राहिलीय."

ती ट्रॉलीखाली जाऊन बसली. मी वर माईकपाशी. अंतिम सामन्याला अजून अर्धा तास होता. वर्गणीदारांची नावं वाचायची होती. ऊन कलत होतं. थोड्या वेळाने मोरूमामा आला. एका हातात थंडपेयाची बाटली, दुसऱ्या हातात मोबाईल.

"कुठे होतीस गो? सगळीकडे शोधतोय." तो खाली टेकला. "काय डोकं गो बाय! सात म्हणालीस, सात! सगळे साडेनऊच्या वर बसले होते, आपण एकटे खाली. धर, थंड हाय."

तिने बाटली घेतली नाही. "मामा, पण त्याचे मध्यंतरालाच सहा झाले होते."

"तेच तर! घाम फुटला मला."

"मग सातावर कसा थांबला?"

मामा हसला. झाकण दाताने उघडून बाजूला टाकलं. वर मी नावं वाचायची थांबवली होती. त्याला वाटलं असावं, मी पाणी पितोय.

"बाय, तू हुशार हायस पण लहान हायस. आकडा आपणहून चालत येत नाय. त्याला जरा ढकलावं लागतं. अर्धं काम करवंटीचं, अर्धं माझं."

"दादूस रडत होता."

"रडेल दोन दिवस. पाय काय, बरा होतो. आणि ते नोकरीचं साहेबांनी नुसतं सांगितलं होतं, दिली कुठे होती? मी हाय ना तुमच्यासाठी. आजपर्यंत कधी काही कमी पडू दिलंय?"

ती करवंटीत बघत राहिली.

"आता ऐक," मामा जवळ सरकला. "फायनलला बेलपाड्याचा तो नवा पोर हाय, कुणाल. वीसचा पण नसेल. त्याचा दहाच्या वर आकडा फुटलाय. तो बघ, तिकडे पाय ताणत बसलाय. जरा जवळ जाऊन बघून ये."

"काय बघू?"

"त्याचं काय दुखतं ते."

ट्रॉलीवर मी हातातली यादी खाली ठेवली, बाळांनो. मध्यंतराची ती परात, तो तळवा, दिगंबरची नजर, सगळं त्या चार शब्दांनी जागेवर बसलं. वरवर बघाल तर माणूस भाचीला प्रेमाने काम सांगत होता.

"मामा," चैतालीने विचारलं, "प्रत्येकाचं काहीतरी दुखतंच ना?"

"दुखतंच. शोधणारा पायजे. तुझ्यासारखी नजर असती ना माझी, तर आज..." त्याने बाटलीतला घोट घेतला. "जातेस ना?"

"जाते."

ती उठली. फ्रॉकची माती झटकली. करवंटी उचलली. बेलपाड्याच्या तंबूकडे दोन पावलं गेली, थांबली, आणि वळून ट्रॉलीच्या चाकावर पाय दिला.

खालून मामाचा आवाज आला. "हां, हां, तिथूनच बघ! वरून चांगलं दिसेल!"

ती माझ्या टेबलापाशी आली. डोळे कोरडे. गालावर टेम्पोच्या फाळक्याची माती होती.

"गुरुजी, माईक द्या."

"काय सांगायचंय?"

"सातचं गणित."

"ते सगळ्यांना ठाऊक झालंय, बाळ. फळ्यावर लिहिलंय."

"ते उत्तर," ती म्हणाली. "रीत कुणी सांगितली नाय अजून."

मी तिच्याकडे बघितलं. खाली हजारभर माणसं होती. त्यांतली निम्मी हर्षदच्या नावाने आज घसा बसवून घेतलेली. त्यांच्यात तिचा मामा होता, ज्याने तिला वाढवलं होतं. त्याच घरी तिला रात्री जेवायला जायचं होतं. माईक न देण्याची कारणं माझ्याकडे भरपूर होती, आणि सगळी शहाणपणाची होती. मी तिला विचारलं, "सगळी रीत सांगणार? तुझीसुद्धा पायरी?"

"पहिली पायरी माझीच हाय, गुरुजी."

मी माईकच्या दांड्याची कळ सैल केली आणि तो तिच्या उंचीला खाली घेतला.

तिने करवंटी टेबलावर ठेवली. फळ्यापाशी उभं राहायचं तसे हात मागे बांधले.

"मी चैताली म्हात्रे, इयत्ता सहावी," चारही कर्ण्यांतून तिचा आवाज निघाला आणि खाडीपर्यंत जाऊन परत आला. माणसं बोलायची थांबली. "हर्षद म्हात्रे, गुण सात. हे उत्तर आहे. गुरुजी म्हणतात, नुसतं उत्तर सांगायचं नाय. म्हणून रीत सांगते."

मोरूमामा खाली अजून हसतच होता. बाटली ओठांपाशी होती. कौतुकच वाटत होतं त्याला, आपल्या पोरीचं.

"पहिली पायरी. दादूसचा उजवा गुडघा दुखतो, हे फक्त मला ठाऊक होतं. ते आज सकाळी मी मामाला सांगितलं."

पहिल्या रांगेत कर्णिकसाहेबांनी टोपी काढली. बेलपाड्याच्या तंबूत दिगंबर उठून उभा राहिला. समितीचा एक जण "तार काढा, तार!" असं ओरडत ट्रॉलीकडे धावला, आणि गर्दीने त्याला वाट दिली नाही. मामाची बाटली ओठांवरून खाली आली.

चैतालीने करवंटीतून एक लाल चिंचोका काढला, सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या कडेला ठेवला आणि माईकजवळ तोंड नेलं.

"दुसरी पायरी," ती म्हणाली, "मध्यंतराचं सरबत."